खोकड, धनगराचं कुत्रं आणि काकूची शेळी

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आपल्याकडे पसरली तेव्हा माझ्या काकूने आठ दिवस गाईचं दूध उकिरड्यावर ओतलं. सोलापूरहून बार्शी रस्त्याला, नान्नजच्या अलीकडे त्यांची वस्ती आहे. दोन गाई, चार शेळ्या, एक कुत्रं आणि दारापुढे ज्वारीचं रान. गाईच्या अंगावर गाठी दिसल्या, आणि त्याच दिवशी कुणीतरी मोबाईलवर पाठवलं की हे दूध प्यायलं तर माणसालाही अशाच गाठी येतात. काकूने विश्वास ठेवला. तिला मी दोष देणार नाही, कारण विचारावं असं जवळ कुणी नव्हतं. पण त्याच आठ दिवसांत ती नातवाला रोज सकाळी शेळीचं दूध धारोष्ण पाजत होती. शेळीच्या दुधाने पोर बाळसं धरतं आणि तापवलं की दुधाचा गुण जातो, हे तिला तिच्या सासूने सांगितलेलं.

लम्पी माणसाला होत नाही. शेळीच्या कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला नावाच्या जंतूचा ताप मात्र माणसाला होतो आणि महिनोन्महिने पाठ सोडत नाही. भीती एका दावणीला आणि धोका दुसऱ्या, हे मला तेव्हापासून खुपतंय. कुठला रोग कुणाकडून कुणाकडे जातो आणि कुठला जात नाही, हे शोधणारं एक मोठं शास्त्र आहे, आणि त्यातलं मोलाचं काम काकूच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, आपल्याच माळावर झालेलं आहे. ते सोलापुरातच फारसं कुणाला ठाऊक नाही.

आधी एवढं बघू, की काही रोग उडी मारतात आणि काही मारत नाहीत, हे कशामुळे. बैलासाठी केलेलं जू शेळीच्या मानेवर बसत नाही, तसं जंतूचं असतं. विषाणूला पेशीत शिरायचं तर आधी तिच्या पृष्ठभागावर पकड मिळावी लागते, आणि ती जागा प्रत्येक प्राण्यात थोडी वेगळी असते. लम्पीचा विषाणू मेंढ्यांच्या आणि शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा नातलग. म्हणून तर २०२२ मध्ये शेळ्यांच्या देवीवरची लस गाईंना टोचली आणि ती उपयोगी पडली. पण माणसाच्या शरीरात त्याला थारा नाही. याच्या अगदी उलट रेबीज. पिलांना दूध पाजणारा कुठलाही प्राणी त्याला चालतो: कुत्रं, लांडगा, म्हैस, माणूस. एडिनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ साली माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंची मोजदाद केली. यादी १,४१५ वर गेली, आणि त्यातले ६१ टक्के प्राण्यांकडून माणसाकडे येऊ शकणारे निघाले.

हा आकडा वाचला की आपल्या डोळ्यांसमोर लगेच जंगल येतं. वटवाघूळ, माकड, कुठलंसं अंधारं रान, आणि तिथून आपल्यावर चालून येणारा रोग. असं घडतंही. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने पडू लागली, आणि गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू सापडला. २०१६ मध्ये तोच आपल्या सिंधुदुर्गात आला. पण रोगांची वाट एकाच दिशेने जात नाही. आपल्या गोठ्यातून आणि अंगणातून रानाकडे जाणारी वाटही तितकीच मळलेली आहे. नान्नजचं काम मला महत्त्वाचं वाटतं ते या वाटेमुळे.

त्याआधी एका घराण्याची ओळख करून घेऊ. गोवर, गुरांची बुळकांडी, शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हे चार विषाणू एकमेकांचे भाऊबंद. माणसांचा गोवर बुळकांडीच्या पूर्वजापासूनच फुटून निघाला, असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं. म्हणजे कधीकाळी गुरांच्या दावणीतून तो आपल्या घरात आला आणि कायमचा आपला झाला.

बुळकांडी हे नाव आजोबांच्या पिढीने ऐकलं तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. १८९० च्या दशकात आफ्रिकेत ती गुरांबरोबर गेली आणि तिथल्या रानम्हशी, रानातली हरणं लाखांनी मेली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला पूर्व आफ्रिकेत सेरेंगेटीच्या आसपासच्या गुरांना लस टोचली गेली. तिथे विल्डबीस्ट नावाचं गाईसारख्या तोंडाचं मोठं हरीण असतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती अडीच लाखांच्या आसपास होती, सत्तरचं दशक सरताना बारा लाखांवर गेली. लस दिली ती गुरांना. रानातल्या एकाही विल्डबीस्टला सुई टोचली नव्हती. रोग रानात मुक्कामाला नव्हताच, तो गुरांतून पुन्हा पुन्हा रानात जात होता. २०११ साली बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर आपण पुरता संपवलेला हा दुसरा रोग.

आता आपल्या माळावर येऊ. नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. ज्यांना वाटतं की अभयारण्य म्हणजे घनदाट जंगल आणि भोवती कुंपण, त्यांनी एकदा नान्नजला जावं. गवताचे पट्टे, मध्येच ज्वारीचं शेत, मग गाव, पुन्हा गवत. माळढोक आता दृष्टीला पडणं दुर्मीळ झालंय, पण काळवीट, लांडगा आणि खोकड आहेत. खोकड म्हणजे बिळात राहणारा आपला छोटा कोल्हा, जेमतेम दोन-तीन किलोचा, शेपटीचं टोक काळं. उंदीर, वाळवी, टोळ, बोरं खाऊन जगतो. शेतकऱ्याचं काही बिघडवत नाही, उलट उंदीर खातो. आणि याच माळावर गावातली कुत्री आहेत, वस्तीवरची कुत्री आहेत, धनगरांच्या वाड्याबरोबर फिरणारी कुत्री आहेत.

वन्यजीव संशोधक अबी तमीम वनक आणि अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाचे मॅथ्यू गॉम्पर यांनी इथे खोकड आणि कुत्रं यांचं नातं अभ्यासलं. कुत्र्याचं पोट कशावर भरतं, हे त्यांनी तपासलं; बहुतेक सगळं माणसाने दिलेलं किंवा टाकलेलं निघालं. म्हणजे खाण्यावरून दोघांत तसं भांडण नाही. तरीही खोकड कुत्र्याला भितं. खाऊ ठेवलेल्या ताटाजवळ कुत्रं असलं की खोकडं कमी खात आणि जास्त वेळ मान वर करून टेहळणी करत. आपल्याला वाटतं कुत्रं नुसतं बसलंय, पण त्याच्या बसण्यानेसुद्धा रानातलं एक जनावर अर्धपोटी राहतं.

पशुवैद्यक अनिरुद्ध बेलसरे यांनी या दोघांबरोबर पुढचा प्रश्न धरला: कुत्र्यांचे रोग खोकडांपर्यंत पोचतात का? हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातली कुत्री आणि माळावरची खोकडं पकडून त्यांचं थोडं रक्त घेतलं, त्यात डिस्टेंपर, पार्व्हो आणि कुत्र्यांच्या कावीळीचा विषाणू यांच्या खुणा शोधल्या. खुणा म्हणजे प्रतिपिंडं. शरीराने एकदा एखाद्या विषाणूशी झुंज दिली की ती झुंज रक्तात नोंदली जाते, आणि विषाणू निघून गेल्यावरही ती नोंद पुष्कळ काळ राहते. घरात पाळलेल्या कुत्र्यात अशी खूण मिळाली तर ती लसीची आहे की रोगाची हे ठरवावं लागतं. खेड्यातल्या ज्या कुत्र्याला जन्मात कुणी लस टोचली नाही, त्याच्या रक्तातली खूण रोगाचीच.

बहुतेक मोठ्या कुत्र्यांत या खुणा सापडल्या. खोकडांतही सापडल्या. म्हणजे हे विषाणू गावात कायम वस्तीला आहेत, आणि माळावर पोचलेले आहेत.

इथे जरा थांबू, कारण रक्तातली ही नोंद वाचताना एक चकवा असतो. समजा शंभर कुत्र्यांपैकी ऐंशींत खूण मिळाली आणि शंभर खोकडांपैकी वीसांत. पटकन वाटतं की खोकडांना रोग कमी होतो. पण खूण फक्त वाचलेल्याच्या रक्तात मिळते. जे खोकड डिस्टेंपरने बिळात मेलं, ते मोजायला उरलंच नाही. तेव्हा वीस हा आकडा ‘फारसा रोग आलाच नाही’ असंही सांगू शकतो आणि ‘आला आणि बहुतेकांना घेऊन गेला’ असंही. म्हणून संशोधक नुसत्या रक्तावर थांबत नाहीत. मेलेली जनावरं तपासतात, गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून कोण कधी मेलं ते बघतात, वर्षानुवर्षं त्याच माळावर येत राहतात. बातमीत ‘इतक्या टक्के प्राण्यांत विषाणू’ असं वाचलं की मी आधी हे बघते की विषाणू सापडला का त्याची जुनी खूण सापडली. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांत त्यांची सर्रास गल्लत होते.

दुसरा प्रश्न त्याहून खोल: रोग टिकवून कोण धरतं? गोवराचं उदाहरण घेऊ. लस येण्याआधी दोन हजार वस्तीच्या गावात गोवर आला की महिन्या-दोन महिन्यांत सगळी पोरं त्यातून निघायची आणि गोवर गावातून नाहीसा व्हायचा, कारण एकदा झालेला पुन्हा होत नाही. अडीच-तीन लाखांच्या शहरात मात्र रोज इतकी नवी बाळं जन्मतात की त्याला कायम कुणीतरी मिळतंच, आणि तो तिथे ठाण मांडून बसतो. आजूबाजूच्या गावांना गोवर शहरातून जायचा. डिस्टेंपर गोवराचाच भाऊ, त्याचा हिशोबही तसाच. खोकडं थोडकी, जोडीजोडीने विखरून राहणारी, वर्षातून एकदा पिलं देणारी. एवढ्यावर डिस्टेंपर फार काळ तग धरू शकत नाही. गावोगावची कुत्री मिळून मात्र त्याच्यासाठी शहर होतं, पिलांचा पुरवठा न आटणारं. तेव्हा खोकडं वाचवायची तर माळावर नव्हे, गावात जाऊन काम करायला हवं. २०१५ मध्ये बेलसरे आणि गॉम्पर यांनी कुत्री, खोकडं आणि डिस्टेंपर यांचं संगणकावर प्रतिरूपच उभं केलं, ते असले उपाय आधी तिथे ताडून बघता यावेत म्हणून.

याला कुणी खोकडापुरता किरकोळ मामला म्हणेल, तर त्याने गीर आठवावं. सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या एका भागात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले आणि त्यांत डिस्टेंपर निघाला. आशियाई सिंह जगात रानात फक्त त्या एका टापूत उरलेत. १९९४ मध्ये सेरेंगेटीतही हाच रोग येऊन सुमारे एक तृतीयांश सिंह मेले होते.

डिस्टेंपर माणसाला होत नाही. पण ज्या कुत्र्यातून तो खोकडाकडे जातो, त्याच कुत्र्यातून आपल्याकडे काय येतं?

रेबीज तर सगळ्यांना माहीत आहे, तरी माणसं मरतात. जगभरात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्याच्या चाव्यातून येतो. लक्षणं दिसू लागली की उपाय नाही, आणि म्हणूनच लक्षणं दिसण्याआधीचे दिवस सगळं ठरवतात. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. मग सरकारी दवाखाना, लशीचे सगळे डोस, आणि जखम रक्ताळलेली असेल तर जखमेतच देतात ते तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही. पाळीव कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची सोय असते, पण म्हणून लस लांबवायची नाही. लांडगा किंवा कोल्हा चावला तर नजर ठेवणार कशी? तिथे धोका आहे असं धरूनच चालायचं.

दुसऱ्या, हायडॅटिड नावाच्या रोगाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तो गुपचूप चालतो. मेंढरं कापणाऱ्याला विचारा. कलेजीवर किंवा फुफ्फुसावर पाण्याने भरलेले फुगे त्याने पाहिलेले असतात. तो फुगा म्हणजे एका चपट्या कृमीचं बाळपण. कृमीचं मोठेपण कुत्र्याच्या आतड्यात जातं. तिथे तो काही मिलिमीटरचा असतो आणि कुत्र्याला त्याचा काही त्रासही होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर पडतात, मेंढी ते गवत खाते, अंड्यातून निघालेला जीव तिच्या कलेजीत जाऊन फुगा धरतो. मेंढी कापली की तो टाकाऊ तुकडा कुत्र्यापुढे पडतो आणि चक्र पुरं होतं. लांडगा आणि कोल्हाही कुत्र्याच्या जागी चालतात, म्हणून मेलेली मेंढी माळावर टाकली तरी चक्र फिरतंच.

माणूस यात चुकून सापडतो. कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवला, त्याच हाताने भाकरी खाल्ली, किंवा भाजी न धुता तोंडात टाकली. फुगा वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, दुखत नाही, आणि एक दिवस पोटाच्या सोनोग्राफीत लिंबाएवढी, नारळाएवढी गाठ दिसते. आत फुटली तर जिवावर बेतू शकतं. धनगरांच्या वाड्यावर कुत्रं, मेंढरं आणि लेकरं एकाच पालाभोवती असतात, त्यामुळे ओझं त्यांच्यावर जास्त पडतं. ज्यांनी रानात मेंढरं बसवली म्हणून आपल्या शेताला खत मिळालं, त्या माणसांना हे कुणी नीट समजावून सांगत नाही याचा मला राग येतो. उपाय खर्चाचा नाही. आतडी-कलेजी कच्ची कुत्र्यापुढे टाकायची नाही, खोल पुरायची. कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचं औषध ठरावीक काळाने द्यायचं. लेकरांचे हात जेवणाआधी साबणाने धुवायचे.

कुत्र्यांबद्दल एवढं वाचून कुणाच्या मनात येईल की कुत्रीच नकोत. तो मार्ग चुकीचा आहे, आणि मी हे प्राणिप्रेमापोटीच म्हणत नाही. कुत्री मारली तर मोकळ्या जागेत नवी येतात, पिलं जास्त जगतात, आणि गोवराच्या हिशोबाने बघितलं तर रोगाला नवा पुरवठाच मिळतो. लस टोचलेलं जुनं कुत्रं ही वाटेतली भिंत असते. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना रेबीजची लस मिळाली तर कुत्र्यांतली साखळी तुटते, हे जगात अनेक ठिकाणी दिसलंय. कुत्री वाढतात ती उकिरड्यावर आणि गावाबाहेर टाकलेल्या ढोरांवर. पूर्वी तिथे गिधाडं उतरायची. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध टोचलेल्या जनावरांचं मांस खाऊन ती संपत आली. २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद झालं, तोवर फार उशीर झालेला होता. गिधाडाचं ताट कुत्र्याला मिळालं.

ढोरांवरून एक सांगायलाच हवं. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलं, तर ती फाशी (अँथ्रॅक्स) असू शकते, माणसाला होते तेव्हा तिला काळपुळी म्हणतात. असं जनावर फाडायचं नाही, चामडं काढायचं नाही. रक्तातल्या जंतूला हवा लागली की तो बीजाणू होऊन मातीत दशकानुदशकं पडून राहतो आणि पुढच्या कुठल्यातरी पावसानंतर चरणाऱ्या जनावराला गाठतो. पशुवैद्यकाला कळवायचं, आणि खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं.

आता काकूची शेळी. त्याच्या आदल्या वर्षी तिची एक शेळी गाभडली होती, आणि काकूने वार उघड्या हातांनी उचलून उकिरड्यात टाकली होती. ब्रुसेला याच दोन वाटांनी येतो: गाभडलेल्या जनावराची वार आणि स्राव, आणि न तापवलेलं दूध. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या डॉक्टरांनी माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांत हा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी बेटावरच्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात त्याच्या खुणा दाखवल्या. शेळ्या आजारी दिसतच नव्हत्या, म्हणून कुणाला संशय आला नव्हता. माणसाला ताप चढत-उतरत राहतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, सांधे आणि कंबर धरते. टायफॉइड समजून औषधं चालू होतात, ताप जरा उतरतो, पुन्हा येतो. ब्रुसेलावर सहा आठवडे दोन औषधं घ्यावी लागतात, पण त्यासाठी आधी तो ओळखायला हवा. तेव्हा न हटणाऱ्या तापासाठी दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांनी विचारो न विचारो, घरी जनावरं आहेत, शेळी गाभडली होती, कच्चं दूध घेतो, हे सांगायचंच. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

जनावरं, माणसं आणि रान यांच्या आरोग्याचा विचार एकत्र करायचा, याला आता वन हेल्थ म्हणतात. त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी नागपुरात २०२२ साली झाली. कल्पना चांगली आहे. जमिनीवर मात्र गाभडलेली शेळी पशुसंवर्धनाच्या वहीत, तापलेला माणूस आरोग्य केंद्राच्या वहीत आणि मेलेलं खोकड वनखात्याच्या वहीत, अशा तीन वह्या वेगवेगळ्या असतात. उत्तर सोलापूरसारख्या तालुक्यात, जिथे तिघं एकाच पाणवठ्यावर येतात, तिथे त्या महिन्यातून एकदा एकमेकींशेजारी उघडल्या तरी बरंच दिसेल.

नातू सुदैवाने ठणठणीत आहे. काकू आता शेळीचं दूध उकळते, पहिले काही दिवस कुरकुरत उकळत होती. वार उचलायला पिशवीचे हातमोजे दाराशी टांगलेत. गाईची कालवड पाच महिन्यांची झाली आहे, आणि ब्रुसेलाची लस कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या दरम्यानच देतात. डॉक्टरांना फोन झालाय. ते आले की तिला ती लस, आणि त्याच फेरीत कुत्र्याला रेबीजची.